जगातील धर्म शाळेत कसे शिकवावेत : ठाण्यातील एका शैक्षणिक सेवेचे परीक्षण

सातवी-आठवीच्या मुलांना जगातील प्रमुख धर्मांची ओळख करून देणारा एक उपक्रम गेल्या शैक्षणिक वर्षी आमच्या ठाण्यातील मराठी माध्यमाच्या सार्वजनिक शाळेत राबवला गेला. शाळा व्यवस्थापन समितीवरील पालक सदस्य म्हणून त्याला मंजुरी देणाऱ्यांमध्ये मी होते आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने बहुतेक तासिका मागच्या बाकावर बसून ऐकल्या. सेवा देणाऱ्या गटाचे नाव येथे देत नाही. जे दोष सांगायचे आहेत ते साहित्य सुधारून दूर होण्याजोगे आहेत, आणि अशाच स्वरूपाचे संच घेऊन इतर मंडळीही आता शाळांकडे येऊ लागली आहेत. त्यांतून निवड करू पाहणाऱ्या समित्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे परीक्षण.

सेवेत मिळते ते असे : सहा तासिका, मुलांसाठी एक सचित्र पुस्तिका, वस्तूंची एक पेटी आणि शेवटी ठाणे शहरातील प्रार्थनास्थळांची पायी भेट. पुस्तिकेत हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम आणि पारशी या धर्मांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. चीन-जपानमधील ताओ, कन्फ्यूशियस आणि शिंतो यांची बोळवण मिळून दोन पानांत केली आहे. छपाई स्वच्छ आणि भाषा सोपी असली, तरी चित्रे परदेशी पुस्तकातून उचलल्यासारखी वाटतात. ख्रिस्ती कुटुंबाच्या चित्रात खिडकीबाहेर बर्फ पडत आहे, आणि वसई-उत्तनपासून ठाण्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या, लुगडे नेसणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायकांचा मागमूसही नाही. शुल्क वर्गामागे आकारले जाते आणि ते आमच्यासारख्या शाळेला देणगीदाराच्या मदतीने परवडले.

मंजुरीपूर्वीच्या पालकसभेत अपेक्षित होता तोच प्रश्न दोन्ही बाजूंनी आला. एका वडिलांनी उभे राहून विचारले, ‘‘म्हणजे आमच्या पोराला नमाज शिकवणार का?’’ त्यांच्या मागे बसलेल्या एका आईने लगेच विचारले, ‘‘ताई, माझ्या मुलीला आरती म्हणायला लावणार नाही ना?’’ गटाच्या समन्वयक ताईंनी दोघांना एकच उत्तर दिले : ‘‘कोणालाही काहीही म्हणायला लावणार नाही. कोण काय म्हणतं आणि का म्हणतं, एवढंच सांगणार.’’ उत्तर चांगले होते. ते पुढे सर्व तासिकांत पाळले गेले असते, तर या परीक्षणाचा निम्मा भाग लिहावा लागला नसता.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(१) नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. या तरतुदीचा धाक एवढा आहे की धर्म हा शब्द निघाला की अनेक मुख्याध्यापक फाईल बाजूला सारतात. त्याच शाळेत सरस्वतीपूजन मात्र बिनदिक्कत चालू असते, हा भाग निराळा. परंतु उपासना शिकवणे वेगळे आणि धर्मांविषयी माहिती देणे वेगळे, हा भेद आपल्याकडे जुना आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तो स्पष्ट शब्दांत केला होता आणि नागरिकत्वाच्या शिक्षणाचा भाग म्हणून प्रमुख धर्मांची निवडक माहिती द्यावी असे सुचवले होते. डी. ए. व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या १९७१ च्या खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याविरुद्ध अरुणा रॉय यांनी केलेली याचिका २००२ मध्ये फेटाळताना हाच भेद उचलून धरला. अमेरिकेत तर शाळेतील सक्तीचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९६३ च्या निकालातच, धर्मांचा तटस्थ आणि तुलनात्मक अभ्यास करण्यास शाळांना मुभा आहे, असे नमूद केलेले आहे. शिवाय बालभारतीच्या सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाहांचा पाठ मुले वाचतच आली आहेत. तेव्हा हा विषय शिकवता येतो का, याची चर्चा आमच्या समितीने लांबवली नाही. तो कसा शिकवला जातो, इकडेच मी लक्ष ठेवले.

या सेवेतील सर्वांत मोलाची तासिका दुसरी. प्रशिक्षक सरांनी फळ्यावर एकाखाली एक तीन वाक्ये लिहिली : ‘येशू मरणानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला.’ ‘येशू मरणानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, असे ख्रिस्ती लोक मानतात.’ ‘येशूला रोमन अंमलात क्रुसावर चढवले गेले, असे इतिहासकार सांगतात.’ यांपैकी शाळेच्या पुस्तकात कोणते वाक्य चालेल, असे त्यांनी विचारले. पहिले वाक्य मुलांनी सहज खोडले, कारण ते दुसऱ्याच्या धर्माबद्दलचे होते. मग सरांनी लिहिले, ‘रामाने समुद्रावर सेतू बांधला.’ वर्ग गप्प झाला. एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, हे तर खरंच आहे.’’ सर शांतपणे म्हणाले, ‘‘तू तसं मानतोस, घरी मानतात, त्याला कोणाची हरकत नाही. पण तुझ्या शेजारचा मानतो की नाही हे माहीत नसताना पुस्तकात कसं लिहायचं?’’ मुलाने थोडा विचार करून स्वतःच वाक्य सांगितले, ‘‘…असे हिंदू लोक मानतात.’’ त्यावर खिडकीजवळच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘‘सगळे हिंदू?’’ आणि अखेर फळ्यावर ‘अनेक हिंदू’ असे झाले. पाऊण तासात मुलांना जे मिळाले ते पुस्तिकेच्या कोणत्याही प्रकरणात नाही. धर्माविषयीचे प्रत्येक विधान कोणाचे आहे हे सांगूनच करायचे आणि त्या ‘कोणा’मध्येही सगळे एकमताचे नसतात हे ध्यानात ठेवायचे, एवढी शिस्त लागली तर बाकीची माहिती मुले पुढे आपापली मिळवतील. माझ्या मते सार्वजनिक शाळेने जगातील धर्म शिकवण्याची हीच रीत आहे, आणि ज्या सेवेच्या साहित्यात ती नाही, तिला सरळ नकार द्यावा.

वस्तूंच्या पेटीनेही चांगले काम केले. हिंदूंची जपमाळ, मुस्लिमांची तसबीह आणि कॅथलिकांची रोझरी शेजारी शेजारी ठेवून मुलांना मणी मोजायला दिले, तेव्हा अनुक्रमे १०८, ९९ आणि ५९ निघाले. ९९ चा संबंध अल्लाहच्या नावांशी आहे हे एका मुलीने आधीच सांगून टाकले; १०८ च का, याला एकच सर्वमान्य उत्तर नाही हे सरांनी मोकळेपणाने सांगितले आणि दोन-तीन प्रचलित स्पष्टीकरणे दिली. पारशांच्या कस्तीत, म्हणजे कमरेला बांधायच्या पवित्र दोरीत, ७२ धागे असतात आणि तो आकडा त्यांच्या यस्ना या ग्रंथाच्या अध्यायांवरून येतो, हे मलाही नवे होते. शीख धर्माच्या तासिकेत संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली नांदेडला निधन झाले, या दोन दुव्यांनी पंजाब एकदम घराजवळ आला.

पुस्तिका मात्र या पातळीला पोहोचत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी चार रकान्यांचा तक्ता आहे : संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. तो ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांना बराचसा बसतो. हिंदू धर्मापाशी येताच ‘संस्थापक : नाही’ असे लिहून लेखकांनी वेळ मारून नेली आहे. ग्रंथाच्या रकान्यात वेद, गीता, रामायण आणि पुराणे एका ओळीत कोंबली आहेत, आणि ज्या वारकऱ्याच्या नातवंडांसाठी ही पुस्तिका लिहिली त्याच्या घरातली ज्ञानेश्वरी आणि गाथा त्यात नाही. ज्यू धर्माचा संस्थापक अब्राहम की मोशे, याचा निर्णय तक्त्याने परस्पर लावून टाकला आहे. परीक्षेला सोयीचे म्हणून असे तक्ते होतात, हे समजते. पण सगळ्या धर्मांची बांधणी एकाच साच्यातली आहे असा समज मुलांच्या मनात त्यातून पक्का होतो, आणि तो नंतर निघता निघत नाही.

याहून गंभीर आक्षेप तिसऱ्या तासिकेच्या पोस्टरला आहे. त्यावर निरनिराळ्या धर्मग्रंथांतील एकसारख्या आशयाची वचने गोलाकार मांडून मधोमध ‘सर्व धर्म एकच सांगतात, देव एक नावे अनेक’ असे लिहिलेले आहे. हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. पण बौद्ध आणि जैन विचार सृष्टीचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि इस्लाममधील अल्लाहचे एकमेवत्व यांचा मेळ त्या त्या धर्माचे लोकच मान्य करणार नाहीत. पुनर्जन्म मानणारे आणि एकच जन्म व अंतिम न्याय मानणारे एकच गोष्ट सांगत नसतात. दुसऱ्या तासिकेत शिकलेली शिस्त येथे गटाने स्वतःच मोडली : हे वाक्य कोणाचे, हे पोस्टर सांगत नाही. एका मुलाने विचारलेच, ‘‘सर, सगळे एकच सांगतात तर मग वेगवेगळे का आहेत?’’ सरांनी हसून पुढचे पान उघडायला सांगितले. समता आणि सलोखा ही घटनेने सांगितलेली मूल्ये आहेत, आणि ती शिकवण्यासाठी सगळे धर्म एकसारखे असल्याचे सांगण्याची गरज नाही. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्याहून खरोखर वेगळी आहे हे समजूनही त्याच्याशी नीट वागायचे असते, हे तेरा वर्षांच्या मुलाला उत्तम कळते.

बौद्ध धर्माच्या प्रकरणात हा घोटाळा सर्वांत जास्त टोचला. सिद्धार्थ, बोधिवृक्ष, सारनाथ, अशोक, श्रीलंका, चीन, जपान अशी मांडणी करून प्रकरण संपते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह घेतलेली दीक्षा त्यात एका चौकटीत, तीही ‘हे माहीत आहे का?’ या सदराखाली आली आहे. आमच्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आहे. त्यांतील पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ‘देव एक नावे अनेक’ हे पोस्टर त्या मुलांच्या घराबद्दल सरळ चुकीचे सांगते, आणि महाराष्ट्रात बसून लिहिणाऱ्यांना हे सुचू नये याचे आश्चर्य वाटते. न मानणाऱ्यांचाही उल्लेख पुस्तिकेत कोठे नाही. चार्वाकांची परंपरा असलेल्या देशात एखादा परिच्छेद तरी द्यायला हवा होता.

इस्लामच्या तासिकेत जे घडले ते समितीने लेखी कळवले. त्या दिवशी नेहमीच्या सरांऐवजी आलेल्या प्रशिक्षिकेने एका विद्यार्थिनीला उभे करून म्हटले, ‘‘तूच सांग ना, तुमच्यात रोजा कसा ठेवतात?’’ मुलगी हुशार आहे, तिने दोन वाक्ये सांगितली. पण पुढचा पूर्ण तास वर्गातील माना तिच्याकडे वळत राहिल्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता करणे हा या विषयातील सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. कोणाला स्वतःहून सांगावेसे वाटले तर ऐकावे. विचारू मात्र नये. त्याच प्रशिक्षिकेने ‘करून पाहा’ या शीर्षकाखाली मुलांना डोळे मिटून ध्यानाला बसवले आणि मग एका प्रार्थनेतील ओळी मागोमाग म्हणायला लावल्या. पालकसभेत दिलेला शब्द येथे मोडला. संमतीवाचून कोणाला उपासनेत सामील करून घेता येत नाही, हे अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडात मान्यताप्राप्त आणि अनुदानित संस्थांसाठीदेखील लिहिलेले आहे, आणि मुले अल्पवयीन असल्याने ती संमती पालकांची लागते. गटाने चूक मान्य करून ते पान पुढील आवृत्तीतून काढण्याचे कबूल केले, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल.

आता क्षेत्रभेट. ठाण्यासारखे शहर या कामासाठी शोधून सापडणार नाही. मासुंदा तलावाकाठचे कोपिनेश्वर मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केला. तेथून हाकेच्या अंतरावर पोर्तुगीज काळाशी नाते सांगणारे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. पुढे टेंभी नाक्याला मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर, जवळच्या गल्लीत अग्यारी आणि १८७९ साली बांधलेले ‘शाआर हाशामाईम’ हे बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचे, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ). हे सगळे एका सकाळी चालत पाहून होते. अग्यारीत पारशांखेरीज इतरांना प्रवेश नाही, म्हणून मुले बाहेरच थांबली. ‘‘आपल्याला का नाही जाऊ देत?’’ या प्रश्नावर सरांनी माफीचा सूर लावला नाही; पवित्र अग्नीच्या शुचितेविषयी पारशी काय मानतात ते सांगितले आणि प्रत्येक समुदायाच्या काही सीमा असतात, त्या ओलांडण्याचा हट्ट धरायचा नसतो, असे म्हणून पुढे निघाले.

सिनेगॉगमध्ये मुले सर्वाधिक रमली. डोक्यावर रुमाल बांधून आत गेल्यावर मूर्ती किंवा तसबीर शोधणाऱ्या नजरा भिंतींवरून फिरल्या आणि रिकाम्या परतल्या. तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या ठेवलेले पडद्याआडचे कपाट जेरुसलेमच्या दिशेला असते आणि प्रार्थना तिकडे तोंड करून होते, हे कळल्यावर एकाने दप्तरातून नकाशा काढून जेरुसलेम ठाण्याच्या पश्चिमेला येते की नाही याची खातरजमा केली. कोकणातल्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक, त्यांची नवगावकर, पेणकर अशी आडनावे, पोह्यांचा मलिदा करून एलियाहू हनाबी या प्रेषिताची केली जाणारी आठवण, हे ऐकताना ज्यू धर्म परदेशी आहे हा पुस्तिकेने दिलेला समज तेथल्या तेथे गळून पडला.

भेटीत मशीद नाही आणि बुद्धविहारही नाही. कारण विचारले तेव्हा, वारसा म्हणून महत्त्वाची आणि एकमेकांजवळची स्थळे निवडली, असे उत्तर मिळाले. ठाणे महापालिकेच्या हद्दीत मोठी मुस्लिम वस्ती असलेले मुंब्रा आहे आणि वस्त्यावस्त्यांत विहार आहेत. वर्गातील मोठ्या संख्येच्या मुलांची प्रार्थनास्थळे सोडून, ज्या समाजाचे वर्गात एकही मूल नाही त्यांची तीन स्थळे दाखवणे हा वारसाफेरीचा हिशेब झाला, शाळेचा नव्हे. एक दिवस कमी पडत असेल तर दोन करावेत.

धर्मांच्या इतिहासातील कलहाला पुस्तिकेने हात लावलेला नाही. ठाण्यापुरते बोलायचे तर १३२१ साली येथे आलेल्या फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाच्या चार धर्मबंधूंना इस्लामविषयीच्या वादातून तत्कालीन अधिकाऱ्यांनी मारले, आणि पुढे ओडोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. पोर्तुगीजांनी साष्टी-वसईत देवळांवर काय वेळ आणली आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर काय बदलले, हेही याच गल्ल्यांचे आहे. आठवीच्या मुलांना हे पुराव्यानिशी आणि कोणाच्याही आजच्या वंशजांवर बोट न रोखता सांगता येते. शाळेने सांगितले नाही तर ते मोबाइलवर एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या निरोपांतून, पुराव्याविना, कळतेच.

परदेशातील अनुभवांपैकी दोन गोष्टी समित्यांनी लक्षात घ्याव्यात. इंग्लंडमध्ये धर्मविषयक अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर, शिक्षक आणि त्या भागातील धार्मिक समुदायांचे प्रतिनिधी एकत्र बसवून ठरवण्याची पद्धत १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून आहे, आणि पाल्याला त्या तासाला न बसवण्याचा अधिकार पालकांना आहे. कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो शहरात २००० मध्ये नववीला जागतिक धर्मांचा अभ्यास आवश्यक करण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तेथील मुलांमध्ये इतरांच्या धार्मिक हक्कांविषयीचा आदर वाढल्याचे आणि त्यांची स्वतःची श्रद्धा त्यामुळे ढळली नसल्याचे आढळले. आमच्या पालकसभेतील दोन्ही प्रश्नांना हे बऱ्यापैकी उत्तर आहे. ठाण्याने आपली पुस्तिका ठाण्यात बसून, येथल्या वारकरी, बौद्ध, मुस्लिम, ईस्ट इंडियन आणि बेने इस्रायली जाणकारांना दाखवून तयार केली, तर बर्फाचे चित्र आपोआप जाईल.

आमच्या समितीने पुढील वर्षासाठी सेवेला सशर्त मान्यता दिली आहे. पोस्टर आणि ‘करून पाहा’ वगळावे, कोणाही मुलाला त्याच्या धर्माबद्दल उभे करून विचारू नये, आणि मशीद व विहार भेटीत घ्यावेत, या अटी गटाने स्वीकारल्या. तक्ता बदलण्याबाबत उत्तर आलेले नाही. वर्गशिक्षकांसाठी गट एक दिवसाचे प्रशिक्षण विनामूल्य देतो, ते अवश्य घ्यावे, कारण गट निघून गेल्यावर मुले उरलेले प्रश्न बाईंनाच विचारतात. पाचवी-सहावीसाठी ही सेवा घेऊ नये. दुसऱ्या तासिकेतील भेद त्या वयात पेलत नाही. क्षेत्रभेट नवरात्रात ठेवू नये, टेंभी नाक्यावरच्या देवीच्या गर्दीत मुले सांभाळता येणार नाहीत. सिनेगॉगसाठी मुख्याध्यापकांचे पत्र आणि मुलांची यादी आम्ही आधीच दिली होती. वार ठरवताना शुक्रवारची दुपार मशिदीसाठी, शनिवार सिनेगॉगसाठी आणि रविवारची सकाळ चर्चसाठी सोयीची नाही, आणि सोमवारी कोपिनेश्वराला गर्दी असते. त्यामुळे मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस धरावा.